चिमट्याच्या जागी

"पंप बंद कर. खायला घाल. पंप परत लाव. आणि पंप लावेपर्यंत टाकीचं झाकण हातातून खाली ठेवू नकोस. हात रिकामा झाला की माणूस विसरतो."

दादाने हे हॉस्पिटलच्या खाटेवर बसून सांगितलं होतं. छातीला वायरी चिकटवलेल्या, नर्स "आजोबा, पडून राहा" म्हणून दटावतेय, आणि हा आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, मासे कसे सांभाळायचे ते शिकवतोय. भाचा मान डोलवत होता. मग दादाने माझ्याकडे बोट केलं.

"हा खायला घालेल. पण बघायला तू जायचंस. रोज सकाळी बघायचं आणि इथे येऊन मला सांगायचं. याला विचारलं तर हा 'छान आहे' म्हणेल. तुझ्या वहिनीचं तर सगळंच छान असतं. डॉक्टरही तेच म्हणतात. माझ्याबद्दल मला खरं कोणी सांगणार नाही, ते मी ओळखून आहे. माशाबद्दल तरी खरं ऐकू दे. जे बघशील तेच सांगशील?"

"सांगेन," मी म्हटलं.

"वाईट असलं तरी?"

"वाईट असलं तरी."

दादा माझा थोरला भाऊ. नोकरी संपल्यावर त्याने दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची ही भलीमोठी टाकी ठेवली. गोड्या पाण्यातले मासे म्हणजे त्याच्या लेखी कुंडीतली तुळतुळीत झाडं. समुद्रातला मासा जगवून दाखवा, मग बोला. टाकीत एक जुना निळा मासा, त्याचं नाव फौजदार, आणि नारिंगी पट्ट्यांची एक शांत जोडी. आजारी पडण्याच्या जरा आधी त्याने त्यात नवा एक सोडला. बशीसारखा चपटा, पांढऱ्यावर पिवळे पट्टे, पाठीवर डोळ्यासारखा काळा ठिपका आणि तोंड इतकं लांब नि निमुळतं की दादाने पहिल्या दिवशीच बारसं उरकलं: चिमटा.

या जातीचं दुखणं एकच. समुद्रात हा दगडांच्या फटींत तोंड घालून बारीक जीव टिपून खातो. वरून टाकलेलं खाणं त्याला खाणं वाटतच नाही. पुढ्यात अन्न असून उपाशी मरतो. दादाने त्याच्यासाठी काय काय केलं! शेवटी उघडा शिंपला दगडात खोचून ठेवला, आणि चिमट्याने त्याला तोंड लावलं. त्या दिवशी दादाने मला फोन केला तो घरात कोणी पास झाल्यासारखा. त्याच आठवड्यात त्याची छाती दुखायला लागली.

मी मागच्या रस्त्यावर एकटी राहते. सकाळचं नामस्मरण होईपर्यंत मी बोलत नाही. खोटं बोलायचं नाही हा एक नेम, आणि रागात तोंड उघडायचं नाही हा दुसरा. राग आला की आधी पेलाभर पाणी प्यायचं, तरी उरला तर आणखी एक. हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी भाचा पेला घेऊनच माझ्यासमोर यायचा: "आत्या, आधी पी, मग ऐक."

सुरुवातीला सगळं नीट चाललं. सकाळी दादाच्या घरी जायचं, काचेपासून लांब बसायचं, चिमटा शिंपला टोचतोय ते बघायचं आणि हॉस्पिटलात जाऊन सांगायचं, "खातोय." दादा डोळे मिटून ऐकायचा. "किती?" "शिंपला निम्मा रिकामा होता." त्याला तेवढंच हवं असे.

मग एके दिवशी मला जायला दुपार झाली. गेले तर चिमटा टाकीच्या मागच्या फटीत जाऊन बसलेला. शिंपला जसाच्या तसा.

"रुसलाय," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "यांची सवय झालेली ना त्याला."

दुसऱ्या दिवशीही तेच. फौजदार तर त्याला अक्षरशः पाण्यात पाहायला लागला. तो जरा बाहेर आला की हा निळा गुंड अंगावर धावून जायचा. आधी हाच फौजदार चिमट्याच्या वाटेला जात नसे, मग आताच काय झालं, हे माझ्या मनात आलं आणि गेलं. मी हॉस्पिटलात जाऊन पाहिलं तेच सांगितलं. "खात नाही. फटीत बसून असतो."

दादाने डोळे उघडले. मग म्हणाला, "एकदा खायला लागलेला असा थांबत नाही. मीच त्याला सोडून आलो."

"तू काय मुद्दाम आलास?"

"मासा काय ते जाणतो?" असं म्हणून त्याने भिंतीकडे तोंड केलं.

रोज मी तेच सांगत गेले, आणि रोज तो थोडा अधिक भिंतीकडे वळत गेला. जेवणाचं ताट परत जायला लागलं. घरी वहिनीने वेगळंच काढलं. "तो खायला लागला की समजायचं, यांचं ऑपरेशन सुखरूप होणार." शेजारणीलाही हे सांगून झालं होतं. मी एक पेला पाणी प्यायले. ज्या देवावर आपला सगळा भार, त्याला एका उपाशी माशाच्या तोंडातून कौल द्यायला लावायचा? श्रद्धा म्हणजे हे असतं होय?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी मी ठरवलं, नुसतं बघून सांगण्यात अर्थ नाही. दादाने मासे ज्याच्याकडून आणले त्या दुकानात गेले.

दुकान म्हणजे एक लांबट बोळ. दोन्ही बाजूंना टाक्या, वर निळे दिवे, खाली ओली फरशी. मालक स्टुलावर बसून मिठाची पोती मोकळी करत होता. मी दादाचं नाव सांगितलं, पट्टेदार मासा खात नाही म्हणाले.

"नाहीच खाणार एवढ्यात," तो वर न बघता म्हणाला. "आठवडा नाही झाला त्याला नेऊन. आत्ता कुठे पकडून आणलेला माल तो. मी सांगितलं होतं मुलाला, थोडे दिवस माझ्याकडेच राहू दे, खायला शिकवून देतो. पण त्याला धीर कुठला. म्हणे आजच पाहिजे, नि अगदी तेवढाच पाहिजे."

"कोणाला?"

"तुमच्याकडचाच ना तो? पिशवीत मेलेला घेऊन आला होता. म्हणाला, याच्याएवढा द्या. मापाला माप लावून नेला."

त्याने आता वर बघितलं. बहुतेक माझा चेहरा बघून त्याचा हात पोत्यातच राहिला.

"तुम्हाला पाणी देऊ का?"

नेमाबद्दल त्याला काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण मी त्याच्या हातचं पाणी प्यायले, सगळं. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि पाणी मध्येच कुठेतरी वाफ होऊन जात होतं.

"पहिला मेला कशाने, हे विचारलंत?" मी शक्य तितक्या हळू विचारलं.

"विचारलं की. पंप बंद राहिला म्हणाला रात्रभर. पाण्यात हवाच उरली नसणार. जुने मासे तगतात, हे नाजूक."

"आणि तरी त्याच टाकीसाठी दुसरा दिलात, न खाणारा."

"ताई, गिऱ्हाईक मागतं. मी नाही दिला तर पुढच्या दुकानातून घेईल." मग जरा ओशाळून म्हणाला, "तो निळा त्याला मारतोय का? नव्याला मारणारच, त्याचं राज्य ते. आधी निळ्याला एका कोपऱ्यात गुंतवा. याचा शिंपला दुसऱ्या टोकाला, दगडात घट्ट खोचा. आणि काचेजवळ कोणी उभं राहायचं नाही. माणूस दिसलं की आतच राहतो."

त्याने बर्फातले उघडलेले शिंपले पिशवीत घालून दिले. मी ते घेतले. एरवी असल्या वस्तूला मी हात लावत नाही.

दादाच्या घरी भाचा टेबलाशी चहा घेत होता, वहिनी समोर. मी चपला काढल्या, पिशवी फ्रीजमध्ये ठेवली, माठातून पेला भरला आणि प्यायले. पुन्हा भरला. तिसऱ्या पेल्याला भाच्याने कप खाली ठेवला.

"आई," तो हळूच म्हणाला, "आत्या पाणी पितेय."

"दिसतंय मला."

मी पेला पालथा घातला. "टाकीतला चिमटा कोणता आहे?"

"कोणता म्हणजे? आपलाच."

"आपला पिशवीत घालून दुकानात नेला होतास तो."

मग दोघं एकदमच बोलायला लागले आणि दोघंही एकदमच थांबले.

"मी विसरलो गं," भाचा म्हणाला. "पंप बंद केला, खायला टाकलं आणि फोन आला. डॉक्टरांचा. ऑपरेशनच करावं लागेल म्हणाले. फोन घ्यायला झाकण खाली ठेवलं. त्यानंतर मला काही सुचलंच नाही. सकाळी बघतो तर..." त्याचे डोळे भरले.

"तो फोन आला आणि तू विसरलास, हे मला कळतं," मी म्हटलं. "त्याचा राग नाही मला. माझ्या हातून झालं असतं. तुझ्या बापाच्या हातूनही झालं असतं, म्हणून तर त्याने झाकणाची युक्ती काढली. पुढे काय केलंस ते सांग."

"बाबांना काय सांगणार होतो? त्यांना ते सोसलं नसतं."

"आणि मला?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. वहिनीने पदराने टेबलावरचा नसलेला डाग पुसला.

"तुला सांगितलं असतं तर तू तशीच जाऊन त्यांना सांगितलं असतंस," ती म्हणाली.

"हो."

"मग? तुला खोटं बोलायला लावायचं होतं का आम्ही? आम्हाला माहीत नाही तुझा नेम? म्हणून तर तुला कळू दिलं नाही. तू बघितलंस तेच सांगितलंस. तुझा नेम कुठे मोडला?"

"तुझ्यासाठीच, आत्या," भाचा म्हणाला, आणि मेल्याला ते खरंच वाटत होतं.

आयुष्यात मला राग आला नाही असं नाही. पण त्या क्षणी जो आला तसा कधी आला नव्हता. माठ रिकामा केला असता तरी तो विझला नसता, म्हणून मी पाण्याकडे गेलेच नाही. तशीच बोलले. आवाज चढला नाही. आवाज चढवायला जी ताकद लागते ती सगळी शब्दांतच गेली.

"माझ्या नेमाची काळजी घेतलीत! मला खोटं बोलायला सांगितलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं, आणि विषय संपला असता. तुम्ही माझ्या खऱ्या बोलण्याचं खोटं केलंत. त्या माणसाला जगात एका तोंडाची खात्री होती, आणि तुम्ही त्याच तोंडातून आपली लबाडी आत पाठवलीत. रोज. मी त्याच्यासमोर बसून सांगत होते, 'चिमटा उपाशी आहे', आणि तो भिंतीकडे तोंड करत होता. कशापायी? एक मेलेला मासा आपल्यावाचून अन्न टाकून बसलाय, असं वाटून! अरे, मेल्याचं दुःख एकदाच होतं. तुम्ही त्याला ते रोज नव्याने वाढलंत, आणि वाढपी मला केलंत!"

"आत्या..."

"आणि तो आतला दुसरा. त्याला काय म्हणून आणलात? मेलेल्याचं सोंग घ्यायला. समुद्रातून उपसलेला जीव. त्याला ना हे घर माहीत, ना शिंपला माहीत, आणि तुम्ही काचेवर टिचक्या मारताय, 'चिमट्या, खा रे, बाबा वाट बघतायत'. तो कशाला ओ देईल? तो चिमटा नाहीच!"

वहिनी उठली. तिलाही राग येतो, आणि तिने कसला नेम धरलेला नाही.

"झालं तुझं? आता माझं ऐक. नेम तुझा तुझ्यापाशी ठेव. नवरा माझा आहे. उद्या त्यांची छाती उघडणार आहेत. मी इथे एक एक तास कसा काढतेय ते मला माहीत. निदान उद्यापर्यंत गप्प बस. ते घरी आले की मी स्वतः सांगीन, कान पकडून सांगीन."

"उद्या तो बेशुद्ध असेल. खरं ऐकायला माणूस शुद्धीवर लागतो."

"आणि ऐकून काही झालं म्हणजे?"

"ताट परत पाठवतोय तो, वहिनी. ते काही होणं नाही का? नवरा तुझा आहे, भाऊ माझा आहे, पण छाती त्याची आहे. तिच्यात काय ठेवायचं ते तुम्ही परस्पर ठरवायचं नाही."

"काही झालं तर तुझ्या माथी," ती म्हणाली. शब्द बाहेर पडल्यावर तिचाच चेहरा उतरला, पण तिने ते मागे घेतले नाहीत.

"बरं," मी म्हटलं. "माझ्या माथी."

ती आतल्या खोलीत गेली आणि दार आपटलं. टाकीतलं पाणी थरथरलं. फटीतला जीव आणखी आत सरकला.

मी फ्रीजमधून शिंपला काढला. भाचा टाकीकडे येऊ लागला तसं मी हातानेच त्याला थांबवलं. "तू तिथेच बस. काचेजवळ नको. आणि फोन घेऊ नकोस."

तो शाळेतल्यासारखा बसून राहिला.

पंप बंद केला. झाकण डाव्या हातात धरलं. फौजदाराला डाव्या कोपऱ्यात त्याचं खाणं टाकलं. तो आणि नारिंगी जोडी तिकडे तुटून पडली. मग उजव्या टोकाला हात कोपरापर्यंत बुडवून शिंपला दोन दगडांमध्ये दाबला. बोटांना तो गार, बुळबुळीत स्पर्श झाला आणि मला कसंसंच झालं. मनातल्या मनात नाव घेतलं. नाव घेतानाही राग होताच, दातांत अडकलेल्या कोंड्यासारखा. देवाला तो ऐकू गेला असेल तर जाऊ दे. माझा आवाज त्याला काही पहिल्यांदा ऐकू आला नव्हता.

मी मागे सरले, भिंतीपर्यंत. झाकणाचं पाणी कोपरावरून गळत होतं.

बराच वेळ काहीच नाही. मग फटीतून ते लांब तोंड बाहेर आलं. मागे गेलं. पुन्हा आलं, आणि या वेळी त्याच्यामागून पट्टे, मग पाठीवरचा काळा डोळा. तो शिंपल्याभोवती एक फेरी मारून दूर गेला. मला त्याला सांगावंसं वाटलं, बाबा रे, तुला कोणाची जागा घ्यायची नाही, कोणासाठी बरं व्हायचं नाही, कोणाला कौल द्यायचा नाही. तुला भूक असेल तर खा.

त्याने एकदा टोचलं आणि थुंकून टाकलं. पुन्हा टोचलं. तो घास राहिला.

भाच्याने श्वास आत ओढला. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने तो तसाच धरून ठेवला.

मी पंप लावला. पाणी हललं तसा तो दचकून फटीत पळाला. पण दादाचं तिसरं वाक्य टाळता येत नाही. त्या एका वाक्यावाचून पहिला गेला होता. मग तो हळूहळू परत आला, लाटेशी थोडा हेलकावत, आणि शिंपल्याला लागला. तेव्हा मी झाकण खाली ठेवलं.

"आईला सांगू?" भाचा कुजबुजला. "खातोय म्हणून? आणि बाबांनाही हेच सांग ना, आत्या. आता तर खरंच आहे. 'खातोय' एवढंच सांग. त्यात खोटं काय?"

त्याला अजून कळलं नव्हतं. मी हात धुतले, पुसले.

"आधी मेलेल्याचं सांगेन," मी म्हटलं. "कसा मेला, कोणाला फोन आला होता, ते सगळं. मग तू दुसरा आणलास ते. मग माझ्या तोंडून त्याला काय काय पोचलं ते. आणि सगळ्यांत शेवटी, तो ऐकायच्या मनःस्थितीत असला तर, याने टोचलं ते. याच क्रमाने."

"बाबा माझं तोंड नाही बघणार."

"बघेल. रागावेलही, पण तो खरा राग असेल, आणि तो तुला सोसावा लागेल. यायचं असेल तर संध्याकाळी ये. आत्ता मी एकटी जाते."

"गाडीने सोडतो ना."

"नको."

आतल्या खोलीतून वहिनीच्या नाक ओढण्याचा आवाज आला. मी तिच्या दाराशी क्षणभर थांबले. सांगण्यासारखं होतं, की खातोय. पण ती त्याचा कौल करेल हे मला ठाऊक होतं, आणि तेवढं औदार्य माझ्यापाशी त्या वेळी नव्हतं. मी तशीच पुढे गेले.

चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली. अंगातला सगळा राग हाताच्या पंजात उतरला होता आणि त्या पंजाला ते बाहेरचं जड दार असं आपटायचं होतं की सगळ्या मजल्यावर कळावं. मी मागे वळून टाकीकडे बघितलं. तो अजून शिंपल्यापाशीच होता, पाठीवरचा काळा डोळा माझ्याकडे करून.

मी कडी हाताने धरून ठेवली, दार चौकटीला अलगद टेकवलं, आवाज होऊ न देता ओढून घेतलं, आणि जिना उतरायला लागले.